नोंदीतलं नाव

सातारा, ४ मे २०२५

ब्राह्मी,

तुझा फोन लागत नाही. मेल केली की परत येते. म्हणून राजवर्धन सरांच्या ऑफिसातल्या रजिस्टरमधून तुझा बंगळुरूचा पत्ता उतरवून घेतला आणि काल पोस्टात जाऊन पाकीट आणलं. पत्र वाचायचं नसेल तर तुला ते हातानं फाडावं लागेल. तेवढे तरी कष्ट पडू देत.

२१ एप्रिलच्या, त्या सोमवारच्या बैठकीत तू असं का केलंस, एवढंच मला विचारायचंय.

तू म्हणशील, सगळं माहीत असताना परत काय लिहायचं. पण त्या दिवशी तू जे बोललीस ते ऐकल्यापासून मला वाटतंय, तुला आठवतं ते वेगळं आणि मला आठवतं ते वेगळं. म्हणून माझं लिहून काढते.

‘थेट’ आपण दोघींनी केलं. इस्लामपूरला कॉलेजच्या शेवटच्या वर्षात सुरू केलं आणि साताऱ्याला सरांकडे नोकरी लागल्यावर पुरं केलं. आमच्या गावाकडच्या पाणीवापर संस्थेचं, पाण्याच्या पाळ्या लोकांच्या फोनवर कळवायचं काम सरांकडे आलं, तेव्हा तिथल्या पंपघरात तो जुनाट कॉम्प्युटर होता. त्याच्यावर नवीन काही चढत नव्हतं आणि आपण कोड लिहितो ती नव्या वळणाची जावास्क्रिप्ट भाषा त्याला कळत नव्हती. प्रश्नचिन्हापुढं टिंब दिसलं की तो मान टाकायचा. सर म्हणाले, "इथं बिल्ड करा आणि तयार फाईल तिकडं पाठवा." मी नको म्हटलं. बिल्ड केलेली फाईल म्हणजे सगळा कोड दळून एका ओळीत कोंबलेला. पाण्याच्या पाळ्या बदलल्या की नानासोंनी काय करायचं? दर वेळी साताऱ्याला फोन करायचा? नानासो पंपघर सांभाळतात, दहावी झालेत, यादीतलं नाव आणि तारीख त्यांना सहज बदलता येते. म्हणून आपण थेट पुरं केलं. माणसानं लिहिलेली फाईल उघडायची, जागच्या जागी जुन्या वळणात फिरवायची आणि लगेच चालवायची. मधे बिल्ड नाही. कोड वाचून उलगडणारा भाग तुझा, फाईल पकडून चालवणारा माझा. "काका, तुम्ही जे लिहाल तेच चालेल," असं तू नानासोंना सांगितलंस तेव्हा मी शेजारीच उभी होते.

मग त्यात साठवण आली. एकदा फिरवलेली फाईल ठेवून द्यायची, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू होतं. ती तू घातलीस, मला न विचारता. नोकरीसाठी बंगळुरूच्या कंपनीला दाखवताना तुला ते झटकन उघडायला हवं होतं.

१७ एप्रिलला आमच्या, म्हणजे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं त्या टोकाकडच्या सव्वीस घरांची पाळी हुकली. पंपाच्या दुरुस्तीमुळं या वेळी पाणी उलट्या क्रमानं सोडायचं ठरलं होतं, टोकाला आधी. नानासोंनी यादी बदलली. लोकांच्या फोनवर संदेश मात्र जुन्याच तारखेचे गेले. गुरुवारी सकाळी पाणी आलं तेव्हा रानात कुणी नव्हतं. सगळं ओढ्याला गेलं. लोक रविवारी रानात दारं धरून बसले, तेव्हा पाणी वरच्या गावांत होतं.

सोमवारी संस्थेच्या कार्यालयात सगळे जमले. ती सव्वीस घरं, सर, तू, मी. माझे आबा मागच्या भिंतीला टेकून. सरांनी विचारलं, चूक कुठं झाली? तू उठलीस. "साठवणीचा भाग पल्लवीनं लिहिलाय. बिल्ड करून पाठवा असं सर म्हणत होते, तिनं ऐकलं नाही." आणि लॅपटॉप लोकांकडे फिरवलास. कोडमधला प्रत्येक बदल कुणी केला आणि कधी केला, त्याची नोंद आपोआप राहते. पडद्यावर लिहिलं होतं: ११ मार्च, दुपारी चार, पल्लवी कोळेकर.

माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. सरांनी तिथल्या तिथं सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. बुधवारी तू बंगळुरूला गेलीस.

दोन दिवस मी आठवत होते, खरंच मीच लिहिलं असेल का? तुझ्यावर विश्वास एवढा की स्वतःवर संशय घेतला.

उत्तर दे. एका ओळीचं चालेल.

पल्लवी


गावाहून, २० मे

ब्राह्मी,

उत्तर आलं नाही. साताऱ्याची खोली सोडली. तुझी उशी आणि दोन पुस्तकं मालकीणबाईंकडे ठेवलीत.

घरी आबांनी बैठकीबद्दल एक अक्षर काढलं नाही. आईनं विचारलं, "जेवलीस का?" त्यापेक्षा दोघांनी झाडलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी साळूबाई आली. पलीकडच्या वस्तीवरची. नवरा नाही, चाळीस मेंढ्या आणि एकरभर मका. तो मका वाळून गेला. चारा नाही म्हणून तिनं अकरा गाभण मेंढ्या बाजारात काढल्या. माझ्यासमोर बसली आणि पदरानं तोंड पुसून म्हणाली, "पोरी, आदी संस्थेचा तात्याबा सायकलवरनं पाळी सांगत यायचा. तो कवा चुकला न्हाई. तुझा बा म्हणला, माझ्या लेकीनं केलंय, फोनवर सांगावा येतोय. तवा आमी तात्याबाला बंद केला. त्या डबड्यावर न्हवं गं, तुज्यावर इस्वास ठिवला आमी."



दुसऱ्या दिवशी पंपघरावर गेले. नानासो मला बघून उठून उभे राहिले, माझ्या वडलांच्या वयाचा माणूस. म्हणाले, "माझंच चुकलं का गं? त्या दिवशी लाईट गेलती. आली तवा आदी यादी बदलली, मग घड्याळ लावलं. उलटं करायला पायजे हुतं व्हय?"

तेव्हा मला सगळं कळलं. कॉम्प्युटरच्या आतला बटणाएवढा सेल संपलेला. वीज गेली की त्याचं घड्याळ पंधरा वर्षं मागं जातं. नानासोंनी बदललेल्या यादीवर २०१० सालचा शिक्का पडला. थेटनं पाहिलं, साठवलेली प्रत २०२५ ची आणि यादी २०१० ची. म्हणजे यादी जुनी. आणि त्यानं साठवलेलीच चालवली. नानासोंनी लिहिलं एक आणि चाललं दुसरंच.

"तुमचं काही चुकलं नाही, नानासो," मी म्हटलं. ते खाली बसले आणि कितीतरी वेळ गुडघे चोळत राहिले. महिनाभर तो माणूस हे मनात घेऊन बसला होता.

मग मी तिथला कोड उघडला. मार्चमध्ये उतरवलेला, त्याच्या सगळ्या इतिहासासकट. त्यानंतर तिथलं इंटरनेट बंद पडलं (संदेश सिमकार्डावरून जातात), म्हणून पुढचं काहीच त्याच्यावर आलेलं नाही. तीच नोंद सापडली. ११ मार्च, दुपारी चार. शब्द तेच. नाव ब्राह्मी मगदूम.

म्हणजे बैठकीच्या आधी तू बसून ती एक नोंद बदललीस. हे चुकून होत नाही. आठ-दहा आज्ञा ओळीनं द्याव्या लागतात. कॉलेजात अशाच एका नोंदीत तुझ्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, तेव्हा त्या आज्ञा मीच तुला शिकवल्या होत्या. माझ्या शेजारी बसून वहीत लिहून घेतल्या होत्यास तू.

मी पडद्याचा फोटो काढला. फोटोत नानासोंनाही उभं केलं, उद्या कुणी खोटं म्हणायला नको.

आता तरी बोलशील?

पल्लवी


कुंडल, ९ जून

ब्राह्मी,

तुमच्या गावच्या एसटी थांब्यावर बसून लिहितेय. गाडीला अजून तास आहे.

तुझ्या घरी गेले होते. तू घरी आली असशील असं कुणीतरी म्हणालं, म्हणून आले. खोटं कशाला बोलू, तू नसलीस तर तुझ्या आईवडलांसमोर तुझं खरं रूप मांडायचं ठरवूनच निघाले होते.

काका रानात होते. गुणमालाकाकू सोप्यात शेंगा फोडत बसलेल्या. चार वर्षं त्या घरात मला कधी कुणी ‘ये’ म्हटलं नाही, म्हणायची गरजच नव्हती. इस्लामपूरहून शनिवारी आपण यायचो आणि दिवस मावळायच्या आत काकू दोघींना पुढ्यात बसवून जेवायला घालायच्या. आज त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "कशाला आलीस?"

"ब्राह्मी आहे का?"

"न्हाई. आणि असती तरी तुझ्याशी बोलली नसती. तिनं सांगितलंय मला. काम तू बिघडवलंस आणि नाव तिचं घालायला निघालीस. लेकीसारखं वाढलं होतं गं तुला मी."

त्या क्षणी मला तुझा भयंकर राग आला. मी फोन काढला, फोटो उघडला आणि त्यांच्यापुढं धरला. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला. इंग्रजी त्यांना फारसं येत नाही. बोट ठेवत ठेवत तुझं नाव मात्र त्यांनी वाचलं. चेहरा उजळला, ब्राह्मी.

"हे हिचं नाव न्हवं? हे तिनं केलंय?"

"हो, काकू."

माझ्याकडे बघत राहिल्या. मग चेहऱ्यावरचं ते हळूहळू गेलं. त्यांनी विचारलं, "म्हंजे हे चांगलं हाय का वाईट?"

येताना गाडीत मी सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "हुशारीचं आहे, काकू. असं कुणालाही जमत नाही." आणि चपला घातल्या.

फाटकापर्यंत आल्यावर मागून त्यांचा आवाज आला, "पाणी तरी पिऊन जा." मी थांबले नाही. थांबले असते तर रडले असते आणि त्यांना सगळं कळलं असतं.

माझं नाव घालून तू माझी नोकरी घालवलीस, ते एक. हे घर तू माझं का घालवलंस?

पल्लवी


गावाहून, १ जुलै

ब्राह्मी,

अखेर तुझं पत्र आलं. पाच ओळी. मला पाठ झाल्यात. इथं पुन्हा उतरवते, म्हणजे तुलाही त्या कशा दिसतात ते कळेल.

"माझ्या आईकडे जायला नको होतंस. हो, नाव मी बदललं. नोकरी पक्की व्हायला आठ दिवस राहिले होते आणि मी तिथं थेट दाखवूनच शिरणार होते, माझी गेली असती. तुला तसंही गावाकडंच राहायचं होतं. आणि त्या बदलाखाली ‘बरोबर आहे’ कुणी लिहिलं होतं, तेही आठव."

चौथ्या ओळीवर मी दोन दिवस जळत राहिले. मला गावाकडं राहायचं होतं म्हणजे मला नाव नको होतं? चांगल्या कामाचं नाव फक्त गाव सोडून जाणाऱ्यालाच लागतं? आबा भिंतीला टेकून उभे होते, त्यांच्या लेकीला तू सव्वीस घरांपुढं खाली बघायला लावलंस. ते गावातच राहणार आहेत. मीही. म्हणूनच मला ते नाव जास्त लागत होतं.

पण पाचवी ओळ खरी आहे. आजवर मी ती कुणाला सांगितली नव्हती. तुझ्याशीच पत्रात खोटं बोलले, ‘मला न विचारता’ म्हणाले.

तू विचारलं होतंस. ११ मार्चला मी एसटीत होते, घरी चालले होते. तू बदल पाठवलास आणि खाली लिहिलंस, "फाईलच्या वेळेवरून नवीजुनी ठरवलंय. तिकडच्या घड्याळाचं एकदा बघून घे." मी फोनवर वरच्या चार ओळी बघितल्या आणि लिहिलं, ‘बरोबर आहे’. आणि घड्याळाचं मला माहीत होतं. नानासोंनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं, "सेल गेलाय, येताना घेऊन ये." विट्यात गाडी वीस मिनिटं थांबते. समोरच दुकान आहे. मी उतरून उसाचा रस प्याले.

हे आहे सगळं.

मग एक सांग, ब्राह्मी. बैठकीत उठून तू एवढंच का नाही म्हणालीस? "लिहिलं मी, तपासलं हिनं, घड्याळाचं मी विचारलं होतं, हिनं बघितलं नाही." ते खरं होतं. त्यात तुझी नोकरी गेली नसती. कदाचित माझीच गेली असती, आणि मला तक्रार करायला तोंड राहिलं नसतं. तुला खोटं बोलायची गरजच नव्हती. मला एकदा फोन करून विचारलं असतंस, तर मीच उठून सांगितलं असतं. तुला ते वाटलं नाही, हे मला नोंदीतल्या नावापेक्षा जास्त लागलंय. आठ वर्षं एका ताटात जेवून तुला माझी एवढीच ओळख झाली.

आणि तुझ्या खोट्यामुळं दोन महिने मी आरामात निर्दोष होते. साळूबाई समोर बसून बोलली, नानासो गुडघे चोळत बसले, आणि मी मनात म्हणत राहिले, ही ब्राह्मी बघा कशी निघाली.

आता तसं बसवत नाही.

पल्लवी


गावाहून, २७ जुलै

ब्राह्मी,

हे शेवटचं पत्र. तुला कळायला हवं म्हणून लिहितेय, उत्तरासाठी नाही.

मागच्या रविवारी मी संस्थेला सांगून लोकांना परत बोलावलं. पंपघराच्या ओट्यावरच बसलो. कॉम्प्युटर बाहेर आणून टेबलावर ठेवला. सांगायच्या आधी रात्रभर वाटत होतं, तुझं तेवढं सांगावं, माझं कशाला. पण सुरुवात माझ्यापासून केली. सेल आणायला सांगितला होता, आणला नाही. बदल तपासायला दिला होता, न वाचता ‘बरोबर आहे’ म्हटलं. मग जुनी नोंद उघडून दाखवली आणि सांगितलं, हा भाग ब्राह्मीनं लिहिला, त्या दिवशी तुम्हाला दाखवलेलं नाव बदललेलं होतं. तिनं घड्याळाचं मला विचारलं होतं, हेही सांगितलं.

कुणीतरी मागून म्हणालं, "मग दोघी बी सारख्याच की." मी म्हटलं, "चूक दोघींची. खोटं एकीचं." अंबूबाई, वरच्या आळीची, म्हणाली, "ती बया गेली बंगळूरला, आता तिला कोण इचारतंय?"

साळूबाई उठताना म्हणाली, "खरं बोललीस, बरं केलंस. पर माझ्या मेंढ्या त्यानं माघारी येत न्हाईत, पोरी." आणि गेली. मला वाटलं होतं, ती डोक्यावरून हात फिरवेल. का वाटलं असेल?

ठरलं ते असं: पुढच्या आवर्तनात टोकाच्या सव्वीस घरांना पहिलं पाणी, आणि जादा चार तास. वरच्या गावांनी कुरकुर केली, पण मान्य केलं. वर्षभर तात्याबा पुन्हा सायकलवरून पाळी सांगत फिरणार, फोनवर संदेश गेला तरीही. ते मीच मागितलं. थेट दुरुस्त करायचं काम माझ्याकडेच राहिलं. अध्यक्ष म्हणाले, बिघडवलंय तिनंच नीट करू दे.

परतताना आबा पहिल्यांदा बोलले. मेंढरं पुढं काढून माझ्याबरोबर चालत होते. म्हणाले, "त्या दिशी तू गप बसलीस, तवा मला वाटलं, हिनं कायतरी केलंय. आज कळलं, केलतंस." थोडं चालून परत म्हणाले, "आज बोललीस, ते बरं झालं. घरी आईलाबी सांग."

तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. तुझ्या कंपनीला पाठवायची मेल मी तीनदा लिहिली. पाठवली नाही. का नाही, ते मला नीट सांगता येणार नाही. तुझी दया आली म्हणून नाही, एवढं नक्की. काकूंनी बोट ठेवून तुझं नाव वाचलं होतं, त्याचा काही संबंध असेल. पण फोटो पुसलेलाही नाही, हे तू लक्षात ठेव. काकूंना खरं काय ते तू स्वतः जाऊन सांग. मी त्यांना सांगायला परत जाणार नाही.

नवा सेल बसवला. साठवण काढून टाकली. आता थेट सुरू व्हायला अकरा सेकंद लागतात. नानासो म्हणाले, "लागू देत की, आमाला कुटं गाडी पकडायचीय."

तुझा उलगडणारा भाग मी काढून टाकणार होते. तुझी एक ओळ ठेवायची नाही असं ठरवून नव्यानं लिहायला घेतला. चार दिवसांत कळलं, तू लिहिलायस तितका चांगला मला जमणार नाही. म्हणून तुझाच ठेवला.

त्यावर तुझं नाव आहे. मी तुला माफ केलंय असा अर्थ काढू नकोस, ते मला जमेलसं वाटत नाही. तो भाग तू लिहिलास, म्हणून नाव तुझं. ११ मार्चच्या नोंदीवरही आता परत तुझंच नाव लावलंय, आणि तिच्याखाली ‘बरोबर आहे’ म्हणणारीचं माझं.

पल्लवी कोळेकर